वडिलांच्या मागे राहिलेले कागद : आधी कोणता, नंतर कोणता

प्रश्न थोडक्यात असा आहे : वडील महिन्याभरापूर्वी पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये वारले. वय ५४, खासगी कंपनीत नोकरी चालू होती. मागे आई, आजी (वडिलांची आई), प्रश्न विचारणारा मुलगा आणि दोन विवाहित बहिणी. गावी साडेतीन एकर जमीन, पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. बँकेत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव. चुलते म्हणतात, बहिणींच्या सह्या आत्ताच घेऊन टाक. सुरुवात कुठून करायची, आणि वडिलांचं सिमकार्ड बंद करायचं का?

मी तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करते. त्यातली निम्मी कामं वारसाची. त्या अनुभवावरून आधी एवढंच सांगते, की या कामांत लोक अडकतात ते कायद्यामुळे क्वचित. बहुतेक जण नावामुळे अडकतात. आधारवर पांडुरंग, पासबुकात पांडूरंग, सातबाऱ्यावर पांडू आणि मृत्यू दाखल्यावर बाबुराव, कारण घाबरलेल्या भाच्याने हॉस्पिटलात भरती करताना घरात हाक मारतात ते नाव सांगितलं. माणूस एकच, पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्याच्या दृष्टीने चार. म्हणून तुमच्या वडिलांचा मृत्यू दाखला हातात आला असेल, तर पुढचं वाचायच्या आधी तो काढा आणि आधारशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, मृत्यूची तारीख.

चूक असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये नोंदीतली चूक निबंधकाकडून दुरुस्त करून घेण्याची सोय आहे. पुरावा म्हणून आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला चालतो. हा दाखला पुढे दहा-बारा ठिकाणी लागणार. चुकीच्या नावाचा दाखला एकदा बँकेत आणि विम्यात जमा झाला, की नंतरची दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी नव्याने समजावून सांगत बसावं लागतं.

दाखला कुठून मिळतो यावरही घोळ होतो. मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. म्हणजे तुमच्या बाबतीत पुणे महानगरपालिका. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला असेल तर नोंदीची माहिती हॉस्पिटलच कळवतं, घरी झाला असेल तर कुटुंबाने २१ दिवसांत कळवायचं. गावात हे काम ग्रामसेवकाकडे असतं. २१ दिवस उलटून ३० दिवसांच्या आत गेलात तर विलंब शुल्क, त्यानंतर वर्षाच्या आत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. एक लक्षात ठेवा, दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं, कायद्यानेच ते लिहायची मनाई आहे. विमा कंपनी कारण विचारते तेव्हा हॉस्पिटलचे कागद द्यावे लागतात. त्यामुळे डिस्चार्ज समरी, केस पेपर आणि डॉक्टरांनी दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र यांच्या प्रती आताच मागून ठेवा. वर्षभराने हॉस्पिटलचं रेकॉर्ड रूम गाठणं म्हणजे काय, हे मी एका अशिलासोबत तीन चकरा मारून शिकले आहे.

दाखल्याच्या दहा-बारा प्रती घ्या. मूळ प्रत कुणालाही सोडून येऊ नका. दाखवा, पडताळून घ्या, परत घ्या.

आता घाई कशाची आहे आणि कशाची नाही ते पाहू. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत सगळे सल्ले देतात आणि सगळे सल्ले 'लगेच कर' असेच असतात. खरं म्हणजे मुदत थोड्याच गोष्टींना असते. आधार, मतदार यादी, रेशन कार्ड, लाईट मीटर, गॅस यांतलं काहीही पळून जात नाही. मुदत असते ती विम्यांना, काही सरकारी मदतींना आणि गाडीला. जमिनीच्या वर्दीला, म्हणजे तलाठ्याला वारसांची खबर देण्याला, कायद्याने तीन महिने आहेत. सह्या करण्याला मात्र काहीच मुदत नसते, आणि नेमकी त्याचीच घाई तुमच्या घरात चालू आहे. त्यावर पुढे बोलते.

विम्याचं आधी बघा, कारण तुमच्या वडिलांचं वय ५४ होतं. त्यांच्या बचत खात्याचं पासबुक अद्ययावत करून घ्या आणि मे अखेर ते जूनच्या नोंदी बोटाने चाळा. ४३६ रुपयांची कपात दिसली तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची. २० रुपयांची दिसली तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. पहिलीत मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख रुपये मिळतात आणि संरक्षण वयाच्या ५५ वर्षांपर्यंत असतं. दुसरी फक्त अपघातासाठी, तीही २ लाखांची. बँकेने खातं उघडतानाच फॉर्म भरून घेतलेला असतो, घरच्यांना पत्ता नसतो. माझ्याकडे आलेल्या कितीतरी विधवांना ही रक्कम केवळ पासबुकातल्या एका ओळीवरून मिळाली आहे. दावा बँकेच्या शाखेतच भरायचा आणि शक्यतो तीस दिवसांच्या आत. तुमचा एक महिना झालाच आहे, म्हणून हे याच आठवड्यातलं काम समजा. उशीर झाला असला तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शाखेतून कुणी तोंडी 'मुदत गेली' म्हणालं म्हणून माघारी येऊ नका.

एलआयसीची पॉलिसी असेल तर ज्या शाखेने ती दिली त्या शाखेत जा. दाव्याचा अर्ज ३७८३ आणि डिस्चार्ज फॉर्म ३८०१ हे क्रमांक सांगितले की काम सोपं होतं. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली असतील, तर माहिती लपवल्याच्या किंवा अन्य कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेवर प्रश्न उभा करता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५ तसं सांगतं. पॉलिसीचा कागद सापडत नसेल तर पासबुकातले हप्ते शोधा, त्या ओळीत बहुधा पॉलिसीचा मागमूस असतो.

नोकरी चालू असताना मृत्यू झाल्यामुळे कंपनीकडे चार गोष्टी आहेत आणि लोक त्यांतली एकच मागतात. भविष्य निर्वाह निधीची रक्कम मागतात, अर्ज २०. दुसरं, विधवेची पेन्शन, अर्ज १०-डी. नोकरीत असताना मृत्यू झाला तर दहा वर्षं सेवेची अट लागत नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी आईंना पेन्शन मिळते. पंचवीस वर्षांखालच्या मुलांनाही वेगळी मिळते, दोघांपर्यंत. तिसरं, ईडीएलआय नावाचा विमा, अर्ज ५-आयएफ. कमाल ७ लाख रुपये, आणि यासाठी वडिलांनी पगारातून एक पैसा भरलेला नसतो, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीवर तो कधी दिसतच नाही. चौथं, ग्रॅच्युइटी. 'पाच वर्षं झाली नव्हती' असं कारण कुणी सांगितलं तर मान हलवू नका, मृत्यूच्या बाबतीत ती पाच वर्षांची अट लागू नाही. कंपनीने स्वतःचा गट विमा काढला होता का तेही एचआरला लेखी विचारा. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एचआर बदलला की बदलतं.

अपघाती मृत्यू असता तर यादी वेगळी झाली असती. तुमचं तसं नाही, पण वाचणाऱ्या कुणाच्या कामी येईल म्हणून सांगते. पोलिसांचा पंचनामा, एफआयआर आणि शवविच्छेदनाचा अहवाल या तीन कागदांशिवाय अपघाताचा दावा सहसा उभा राहत नाही. साप चावून किंवा विहिरीत पडून माणूस गेला तर गावाकडे 'आता कशाला चिरफाड' म्हणून शवविच्छेदन टाळतात, आणि महिन्याने शेतकरी अपघाताच्या मदतीसाठी माझ्याकडे येतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदाराच्या किंवा कुटुंबातल्या एका सदस्याच्या अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करायचा असतो. शवविच्छेदन नसेल तर तिथे बहुधा हात टेकावे लागतात. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा लावायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. स्वतःची गाडी चालवताना मालक गेला असेल, तर गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा होता का, हे बघायला विसरू नका.

गाडीचं अगदी थोडक्यात. आरटीओला ३० दिवसांत कळवायचं, तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. विम्यावरचं नावही बदला, नाहीतर आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी मयताच्या, असं होऊन बसतं.

आता बँक. तुम्ही नॉमिनी आहात असं लिहिलंत आणि वाक्याचा सूर असा आहे, की म्हणून पैसे तुमचे. तसं नाही. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घ्यायला नेमलेला माणूस. बँक तुमच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, पण ते सगळ्या वारसांच्या वतीने तुमच्या हातात असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या संदर्भात आणि २०१० मध्ये बँक ठेवींच्या संदर्भात हेच सांगितलं, २०२३ मध्ये शेअर्सबद्दलही तेच. (विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक फरक केला : पती, पत्नी, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील, तर साधारणपणे रक्कम त्यांचीच धरली जाते. बँकेला तो फरक लागू नाही.) तेव्हा पैसे आले की आईला आणि बहिणींना आकडा सांगा. लपवलेला आकडा भावाबहिणींना वर्षानुवर्षं कोर्टात बसवतो, मी बघते ना रोज.

नॉमिनी असेल किंवा खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं असेल तर काम सोपं आहे. दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला, तुमची ओळखपत्रं. अशा वेळी बँकेने कोर्टाचं प्रमाणपत्र किंवा बंधपत्र (पुढे दुसरा हक्कदार निघाला तर भरून देण्याची लेखी हमी) मागू नये, रक्कम कितीही असो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या बँकांसाठी एकसारखे निर्देश काढले आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणायला सांगितलं. त्यांनुसार पूर्ण कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, उशीर झाला तर बँकेने भरपाई द्यायची. नॉमिनी नसेल तरी १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) साध्या पद्धतीने, म्हणजे वारसांचं बंधपत्र आणि इतरांचं ना-हरकत घेऊन पैसे देता येतात. शाखेतल्या नव्या माणसाला हे ठाऊक नसेल तर वाद घालू नका. अर्ज द्या, 'कोणता कागद कमी आहे ते लेखी कळवा' एवढंच अर्जाखाली लिहा. त्या एका ओळीने फायली हललेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि एटीएम. वडिलांचं कार्ड घरात आहे, पिन आईला माहीत आहे, कार्याचा खर्च समोर आहे. मोह कळतो. पण मृत्यूच्या तारखेनंतर काढलेली प्रत्येक रक्कम खात्याच्या उताऱ्यावर वेळेसकट छापली जाते आणि पुढे वाद झाला की पहिल्यांदा तोच कागद कोर्टापुढे येतो. ज्यांनी आधीच काढली आहे त्यांनी हिशोब लिहून ठेवावा आणि तो वारसांना दाखवावा. तेवढं पुरतं बहुतेक वेळा.

कोर्टाचा कागद कधी लागतो, तर नॉमिनी नसताना रक्कम मोठी असेल, वारसांत वाद असेल, किंवा शेअर-रोख्यांचं प्रकरण असेल तेव्हा. दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. उत्तराधिकार प्रमाणपत्र हे भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ खालचं, येणी आणि रोखे वसूल करण्यासाठीचं. वारसा हक्क प्रमाणपत्र हे आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतं. हो, पेशवाई जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा हा कायदा, आणि मी आजही त्याच्याखाली अर्ज टाइप करते. दोन्हींत जाहीर नोटीस निघते, हरकती मागवल्या जातात, कुणी हरकत घेतली नाही तरी काही महिने जातात. तलाठ्याकडचा किंवा तहसीलचा वारस दाखला हा या दोन्हींहून वेगळा आणि हलका कागद. कुणी 'वारस दाखला आणा' म्हणालं की विचारा, 'कोर्टाचा की महसूलचा?' हा एक प्रश्न न विचारल्यामुळे लोक चार महिने चुकीचा कागद काढत बसतात.

आता जमीन आणि चुलते.

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, म्हणजे तुमच्या घरात एक नाही, दोन वारस नोंदी राहिल्या आहेत. साखळी तोडता येत नाही : आधी आजोबांचे वारस लागतील, मग त्यांतल्या तुमच्या वडिलांच्या जागी तुम्ही. आजोबांचा मृत्यू दाखला आहे का ते आजच बघा. नसेल आणि नोंदच झालेली नसेल, तर वर वर्षानंतरचा जो रस्ता सांगितला तो घ्यावा लागेल, आणि तोच तुमच्या सगळ्या कामातला सर्वांत लांब तुकडा ठरेल. आता हे बघा, आजोबांचे वारस कोण? आजी, तुमचे वडील, चुलते, आणि तुमच्या आत्या. चुलते तुम्हाला बहिणींच्या सह्या घ्यायला सांगतात, पण त्यांच्या स्वतःच्या बहिणींच्या सह्यांचं काय, हे एकदा सहज विचारून पाहा. घाई नक्की कुणाला आणि कशाची आहे, याचा उलगडा तिथे होईल.

सातबाऱ्यावर आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' असं काही लिहिलंय का तेही पाहा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून लागलेलं नाव म्हणजे जमीन त्यांच्या एकट्याची नव्हती, त्यांच्या भावांची नावं त्या तीन अक्षरांमागे दडलेली असू शकतात. अशा वेळी जुने फेरफार (सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्या नोंदी) काढून वाचल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते.

तुमच्या वडिलांच्या हिश्शाचे वारस किती? तुम्ही हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ खाली येता असं धरून सांगते (इतर धर्मीयांना त्यांचे वेगळे नियम) : पत्नी, आई, मुलगा, मुलगी हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना समान वाटा. म्हणजे पाच जण, आई, आजी, तुम्ही, दोन बहिणी. विवाहित-अविवाहित असा फरक नाही. वडिलोपार्जित जमीन असेल तर मुलामुलींचा जन्मतःच हिस्सा असल्याने गणित थोडं बदलतं, पण मुली त्यातही मुलाच्या बरोबरीने येतात : २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने यावर पडदा पडला आहे. आणि आजी! दहातल्या सात अर्जांत मयताची आई लिहायची राहते. म्हातारी घरात ओसरीवर बसलेली असते आणि वारसांच्या यादीत नसते. मुद्दाम कुणी गाळत नाही, लक्षातच येत नाही. नंतर आत्या किंवा चुलते उभे राहतात आणि म्हणतात, आमच्या आईचा हिस्सा कुठाय? फेरफार तिथे अडकतो.

नोंदीची पद्धत अशी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात त्याला तलाठीच म्हणतात आणि मीही.) ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या अर्ज करता येतो. सोबत मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, नाती, पत्ते सांगणारं प्रतिज्ञापत्र. तलाठी आधी वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये घेतो, चौकशी होते, मग फेरफार गाव नमुना ६ मध्ये धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि कुणाची तक्रार नसेल तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी, की राज्यभर सातबाऱ्यांवर मेलेल्या माणसांची नावं तशीच होती. त्यांच्या नावाने ना कर्ज मिळत ना भरपाई.

गावातल्या घराची नोंद सातबाऱ्यावर नसते. ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर. हा आठ वेगळा आणि तलाठ्याचा आठ-अ वेगळा, अर्ज दोन ठिकाणी. शहरात फ्लॅट असेल तर सोसायटीत अर्ज. तिथेही नॉमिनी वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो, मालक होत नाही.

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंदीनंतर पाचही नावं एकत्र लागतात, कुणाचा बांध कुठला ते ठरत नाही. आणि फेरफाराने मालकी मिळतही नाही, जातही नाही, तो महसुलाचा हिशोब आहे.

म्हणून बहिणींच्या सह्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : आधी सगळ्यांची नावं लावा. सोडायचं असेल तर बहिणी नंतर सोडतील, दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून. तलाठ्यापुढे दिलेला जबाब, शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली 'आमचा हक्क नाही' अशी कबुली, यांनी जमिनीतला हक्क सुटत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी लागतेच. तेराव्याला रडणाऱ्या बहिणीपुढे कोऱ्या कागदावर सही मागणारे मामा-काका मी पाहिलेत, आणि तोच कागद दहा वर्षांनी कोर्टात कसा फाटतो तेही. साडीचोळीवर हक्क सोडायची रीत ज्यांना पाळायची त्यांनी पाळावी, पण बहिणीला आधी हे सांगा की तिचं नाव सातबाऱ्यावर असेल तर ती शेतकरी ठरते. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, तिच्या नवऱ्याकडे जमीन नसेल तर या एका नावाची किंमत साडीपेक्षा बरीच मोठी आहे. हे ऐकून तिने सोडलं, तर ते खरं सोडणं.

वारसांत कुणी अठराच्या आतलं असतं तर त्याचा हिस्सा आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता किंवा विकता आला नसता. तुमच्याकडे तसं कुणी नाही, बरं आहे.

मृत्युपत्र आहे का तेही कपाटं, देव्हाऱ्याखालचा डबा, वडिलांचा वकील-मित्र असं सगळीकडे विचारून घ्या. नोंदणी नसली तरी ते चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते निघालं तर वरचं बरंचसं गणित बदलेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. आज ना उद्या कुणीतरी येईल आणि म्हणेल, तुझ्या बापाने माझ्याकडून दोन लाख घेतले होते. भावनेच्या भरात 'मी देतो' म्हणू नका, लिहून तर मुळीच देऊ नका. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती असते, तुमच्या पगारावर किंवा तुमच्या स्वतःच्या घरावर ती येत नाही. सोसायटीचं पीक कर्ज, बँकेचं कर्ज यांनाही हेच. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. कर्जाला जोडून विमा काढलेला होता का, हे हप्ता भरण्याआधी विचारा.

उरलेलं भराभर. आयकर : वडिलांच्या पॅनवर मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न, त्याचं विवरण तुम्ही ई-फायलिंगवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरायचं. परतावा यायचा असेल तर पॅन आधी परत करू नका. आधार : जून २०२५ पासून मायआधार पोर्टलवर घरातल्या माणसाच्या मृत्यूची माहिती कळवता येते. मतदार यादी : नमुना ७. रेशन कार्डावरचं नाव कमी करणं, वीजबिल, गॅस, ही कामं आईंची तब्येत आणि तुमची सुट्टी बघून करा. जुनी, विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. दहा वर्षं न हललेल्या ठेवी तिथे नाव टाकून सापडतात, आणि नावाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघा, कारण वर म्हटलं तेच.

आणि सिमकार्ड. बंद करू नका, किमान वर्षभर तरी. फोनमधले जुने मेसेज आधी वाचून काढा, विमा हप्ता, म्युच्युअल फंड, पतसंस्थेची ठेव, कुठे काय होतं ते बहुधा तिथेच कळतं. पुढेही मुदत संपल्याचे, व्याज जमा झाल्याचे मेसेज त्याच नंबरावर येत राहतील. त्या नंबरावरचा ओटीपी वापरून पैसे मात्र हलवू नका, यूपीआय तर आजच काढून टाका. सिम आईंच्या साध्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत घाला, सगळ्यात कमी पैशांचं रिचार्ज चालू ठेवा, आणि कोणताही मेसेज आला की तो न पुसता तुम्हाला दाखवायला सांगा.